गाडीतला एपीआरएस ट्रॅकर: वॅट वाढवण्याआधी ऑडिओ बघा

एपीआरएस म्हणजे हौशी रेडिओवरून आपलं स्थान छोट्या डेटा-पॅकेटांतून पाठवायची पद्धत. गाडीत ट्रॅकर बसवला, रेडिओ सेट दर मिनिटाला पॅकेट सोडतोय, तरी नकाशावर गाडी दिसत नाही. अशा वेळी बरेच हॅम (हौशी रेडिओवाले) 5 वॅटचा सेट काढून 25 वॅटचा लावतात. दोष मात्र बहुतेक वेळा ऑडिओ लेव्हलचा असतो.

जीपीएसकडून आलेल्या स्थानाचं ट्रॅकर पॅकेट करतो आणि 1200 व 2200 हर्ट्झच्या दोन स्वरांत सेटच्या माइक इनपुटला देतो. वेग 1200 बॉड, म्हणजे सेकंदाला 1200 बिट. ही लेव्हल जास्त झाली की स्वर चेपले जातात आणि सिग्नल कितीही जोरदार असला तरी डिजिपीटरला (पॅकेट ऐकून पुढे पाठवणाऱ्या स्टेशनला) पॅकेट उलगडत नाही. डेव्हिएशन (ऑडिओमुळे सिग्नलची फ्रिक्वेन्सी जितकी सरकते ते) 3 किलोहर्ट्झच्या आसपास ठेवा. मोजायचं यंत्र नसेल तर दुसऱ्या सेटवर ऐकत ट्रॅकरचा प्रीसेट (लेव्हल ठरवणारा छोटा स्क्रू) वाढवत न्या. आवाज वाढायचा थांबला की मागे फिरवा, स्पष्टपणे हळू ऐकू येईपर्यंत. मग त्या दुसऱ्या सेटचा ऑडिओ लॅपटॉपला देऊन डायरवुल्फ या पॅकेट उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरवर पॅकेट उलगडतंय का बघा. ही चाचणी घरीच करा, रस्त्यावर नको.

हँडी (हातात धरायचा सेट) वापरत असाल तर बॅटरी सेव्हर बंद करा, आणि टीएक्स डिले (प्रक्षेपण सुरू झाल्यापासून डेटा सुटेपर्यंतचा वेळ) 300 मिलिसेकंदांपासून सुरू करा. पीटीटी (बोलायचं बटण) दाबल्यावर सेट पूर्ण ताकदीवर यायच्या आधीच डेटा सुरू झाला तर पॅकेटचं डोकंच कापलं जातं. स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) उघडा आहे की बंद, हे ट्रॅकरच्या सेटिंगशी जुळवा. नाहीतर ट्रॅकर चॅनेल मोकळा आहे की नाही हे न बघताच बोलतो, किंवा चॅनेल कायम व्यस्त समजून गप्प बसतो.

अँटेना छताच्या मध्यावर, चुंबकी बेसवर. पाव तरंगलांबीची काडी 144 मेगाहर्ट्झला साधारण 49 सेंटिमीटर भरते. जीपीएसची अँटेना तिच्यापासून शक्य तितकी लांब ठेवा, आणि माइकच्या वायरवर फेराइटचं कडं चढवा, ते आरएफ म्हणजे रेडिओ लहरी अडवतं. आरएफ ट्रॅकरमध्ये शिरला की पीटीटी दाबलेलाच राहतो आणि सगळ्या गावाचा चॅनेल अडतो. म्हणून सेटचा टाइम-आउट टायमर कमीत कमी वेळेवर लावाच. 12 व्होल्टची लाइन थेट बॅटरीवरून घ्या, फ्यूज बॅटरीच्या टोकाला.

फ्रिक्वेन्सी उत्तर अमेरिकेत 144.390, युरोपात 144.800 मेगाहर्ट्झ; आपल्या भागातले हॅम जी वापरतात तीच लावा. कॉलसाइनपुढे (परवान्यावरच्या आपल्या रेडिओ-खुणेपुढे) गाडीसाठी -9. पाथ, म्हणजे पॅकेट किती डिजिपीटरांनी पुढे पाठवायचं ते, वाइड1-1,वाइड2-1 पुरतो. त्याहून लांब पाथ दिला की तेच पॅकेट डिजिपीटरमागून डिजिपीटर फिरत राहतं आणि इतरांची जागा खातं.

एपीआरएस उभं करणारे बॉब ब्रुनिंगा ही वाहन-ट्रॅकिंगची व्यवस्था नाही असं सतत बजावत असत. चॅनेल सगळ्यांचा, आणि स्थानाच्या पॅकेटला पोच मिळत नाही; दोघं एकदम बोलले की दोन्ही पॅकेटं गेली. म्हणून ठरावीक मिनिटांऐवजी स्मार्ट बीकनिंग वापरा, म्हणजे वेग आणि वळणानुसार बीकन (स्थानाचं पॅकेट) सोडणं: थांबल्यावर 30 मिनिटांनी एक, महामार्गावर 1 ते 3 मिनिटांनी एक, आणि दिशा 28-30 अंशांनी बदलली की एक. घाटात मात्र हे अंगाशी येतं. हेअरपिनच्या प्रत्येक वळणावर बीकन सुटतो आणि दरीतून तो कुणाला पोचतही नाही. दोन वळण-बीकनमधलं किमान अंतर 30 सेकंद तरी ठेवा. खिंडीत वर आलात की एकच पॅकेट पुरेसं असतं.

गाडी नकाशावर दिसते पण भलतीकडेच, असं झालं तर अक्षांश-रेखांश तपासा. फॉरमॅट अंश आणि मिनिटांचा आहे, दशांश अंशांचा नाही. पुण्याचा 18.5204 हा अक्षांश 1831.22 असा लिहायचा. कुणी 1852.04 लिहिलं तर गाडी सुमारे 38 किलोमीटर उत्तरेला सरकते. रेखांशात चूक लगेच सापडते: 73.8567 चं 07385.67 केलं की मिनिटं 85 होतात, आणि मिनिटं 60 च्या पुढे जाऊच शकत नाहीत. बरोबर आकडा 07351.40.