टाऊन गॅस गेला आणि ज्योत बदलली

उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला, त्याविषयी ब्रिटनमध्ये भरपूर लिहिले गेले आहे. परंतु तो वायू घरात आणण्यासाठी प्रत्येक शेगडीचे काय काय करावे लागले, हे ज्यांच्या स्वयंपाकघरात पाने-पकडी घेतलेली माणसे शिरली त्यांनाच नीट आठवते. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत तिथल्या सुमारे १ कोटी ३० लाख ग्राहकांकडची गॅसवर चालणारी उपकरणे घरोघरी जाऊन बदलण्यात आली. आमचे कुटुंब त्या काळात उत्तर लंडनमध्ये भाड्याच्या घरात राहत होते आणि मी शाळेत जात होते, त्यामुळे या मोठ्या कामाचा आमच्या वाट्याला आलेला लहानसा तुकडा मी जवळून पाहिला.

मुळात एवढा खटाटोप का करावा लागला, हे समजून घेण्यासारखे आहे. त्याआधी घरोघरी येणारा टाऊन गॅस हा कोळसा बंद भट्टीत तापवून तयार केला जाई. त्यात जवळजवळ निम्मा हायड्रोजन, बाकी बराचसा मिथेन आणि दहा टक्क्यांच्या आसपास विषारी कार्बन मोनॉक्साइड असे. नैसर्गिक वायू म्हणजे बहुतांशी मिथेनच. तेवढ्याच आकारमानात तो जवळपास दुप्पट उष्णता देतो, पण जळतो सावकाश आणि त्याला हवाही अधिक लागते. तो जुन्या बर्नरमधून तसाच सोडला, तर ज्योत एक तर पिवळी होऊन काजळी धरते, नाही तर बर्नरवरून उचलली जाऊन विझते. म्हणून जेटचे छिद्र लहान करायचे, गॅसचा दाब वाढवायचा आणि बहुतेक वेळा बर्नरच बदलायचा, असे हे काम होते. शेगडी, ओव्हन, पाणी तापवायचा गिझर, खोली उबदार ठेवणारी गॅसची शेकोटी, असे एकही उपकरण त्यातून सुटत नव्हते.

आधी एक गृहस्थ येऊन घरातल्या उपकरणांची यादी करून गेले. घरमालकिणीने जिन्याखाली टाकून दिलेली गंजकी शेगडीसुद्धा त्यांनी लिहून घेतली, तेव्हा बाबांना हसू आवरेना. मग ठरलेल्या तारखेचे पत्र आले. त्या सकाळी आमच्या भागातल्या सगळ्या घरांचा गॅस एकदम बंद झाला आणि नळांत उरलेला जुना गॅस रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या केलेल्या उंच नळीच्या टोकाला जाळून टाकण्यात आला. आम्हा मुलांना त्या जाळापासून हलवणे कठीण झाले होते. घराघरांत मात्र वेगळीच गडबड होती. कंत्राटदाराची माणसे शेगड्या उघडून, सुटे भाग जुन्या वर्तमानपत्रावर मांडून बसली होती. आमच्या शेगडीसाठी जो संच आणला होता तो दुसऱ्याच मॉडेलचा निघाला, आणि योग्य भाग येईपर्यंत आम्हाला दोन बर्नरची तात्पुरती शेगडी देण्यात आली. आईने आदल्या दिवशीच दोन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवला होता, त्यामुळे उपाशी राहायची वेळ आली नाही.

खरी अडचण पुढे आली, ती फुलक्यांची. जुनी ज्योत आखूड आणि जोरकस होती, बर्नरला चिकटून असे; तव्यावरून उचललेला फुलका तिच्यावर धरला की पाहता पाहता फुगत असे. नवी ज्योत उंच होती, थोडी फुरफुरतही असे. आईचा हात जुन्या अंतराला बसलेला असल्यामुळे फुलक्याच्या कडा करपत आणि मधला भाग मात्र कच्चा राहत असे. काही दिवस तिने ज्योतीचा नाद सोडला आणि तव्यावरच कापडाने दाबून पोळ्या फुगवल्या. ओव्हनचे तर कधीच जमले नाही, असे ती अखेरपर्यंत म्हणत असे. अर्थात पूर्वी तरी तो किती नीट चालत होता, हा प्रश्न बाबांनी एकदाच विचारला.

शेजारच्या आजींना वेगळीच काळजी होती. मीटरचा काटा पूर्वीपेक्षा हळू फिरतो आहे, म्हणजे गॅस स्वस्त झाला, अशी त्यांची समजूत झाली होती. निम्म्या गॅसमध्ये तेवढीच उष्णता मिळत असल्यामुळे काटा हळू फिरणे साहजिकच होते, पण बिलाचा हिशेब उष्णतेच्या ‘थर्म’ या एककात होत असल्याने त्यांचे पैसे काही वाचले नाहीत. नवा गॅस स्फोटक आहे, अशी धास्तीही त्यांना होती. १६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीचा एक कोपरा गॅसच्या स्फोटाने कोसळून चार माणसे दगावली होती, आणि ती आठवण ताजी होती. प्रत्यक्षात तो स्फोट जुन्या टाऊन गॅसचाच होता. उलट कार्बन मोनॉक्साइड गेल्यामुळे नुसत्या गळतीने विषबाधा होऊन माणसे मरण्याचे प्रकार हळूहळू थांबले. या बदलाचा सर्वांत मोठा लाभ मला हाच वाटतो, आणि त्याविषयी आमच्या गल्लीत कोणी एक शब्दही बोलल्याचे आठवत नाही.

रस्ते मात्र नंतरही खणले जात राहिले. ओतीव लोखंडाच्या जुन्या नळांचे सांधे तागाच्या दोऱ्याने आणि शिशाने बुजवलेले असत, आणि टाऊन गॅसमधल्या ओलाव्याने तो दोरा फुगून घट्ट राहत असे. कोरड्या नैसर्गिक वायूने दोरा सुकला आणि सांधे गळू लागले. दोरा पुन्हा फुगावा म्हणून गॅसमध्ये ग्लायकॉल या द्रवाचे तुषार सोडावे लागले.

आता त्याच देशात घरगुती गॅसऐवजी हायड्रोजन पुरवावा, अशी चर्चा अनेक वर्षे चालली आहे. एल्समीर पोर्टजवळच्या व्हिटबी या वस्तीत त्याचा प्रयोग व्हायचा होता. रहिवाशांनी कडाडून विरोध केला आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने तो सोडून दिला. ती बातमी मी आईला वाचून दाखवली, तेव्हा तिने एवढेच विचारले की, आम्हाला त्या वेळी कोणी का विचारले नाही?