हार बसंल असा फोटो

माऊलींची पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी तिथे फोटो काढायला जाऊ नका, असं मी आता ओळखीच्या सगळ्यांना सांगते. पुणे ते सासवड हा या वाटेवरचा सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात घाटाचा चढ. माणसं घामाने निथळत असतात आणि वळणावळणावर कॅमेरे लागलेले असतात. माझ्या डोळ्यांदेखत एका फोटोवाल्याने डोक्यावर तुळस घेतलेल्या मावशींना थांबवलं, चार पावलं मागे जायला लावलं आणि "मावशी, जरा हसा ना" म्हणत पुन्हा चालवलं. तेवढ्यात त्यांची दिंडी वळणापलीकडे गेली. मावशी तुळस सावरत धावत सुटल्या. त्याने ना नाव विचारलं ना गाव, लगेच पुढच्या तुळशीकडे वळला. मला भयंकर संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाचा फोटो काढायचा आणि त्याची गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकायची, याचं वेड मलाही आहे. न्यूयॉर्कमध्ये ब्रँडन स्टँटनने २०१० साली शहरातले दहा हजार चेहरे टिपायचं ठरवून हे सुरू केलं, आणि मग गावोगावी तसे उपक्रम निघाले. आपल्याकडेही आता लोक माईक पुढे करून थेट विचारतात, "आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख कोणतं?" मला असं विचारणं पटत नाही. पाच मिनिटांपूर्वी भेटलेल्या माणसाला कुणी हे विचारावं? वारीत तर त्याची गरजच नसते. "पेरणी झाली का?" एवढं विचारा आणि सोबत चालत राहा. पाऊस, बियाणं, कर्ज, मागे घर कोण बघतंय, पुण्यात कंपनीत लागलेला पोरगा, सगळं त्या एका प्रश्नातून निघतं. चालताना माणूस समोर बघून बोलतो, तुमच्या तोंडाकडे नाही. त्यामुळेही असेल, पण बोलतो मोकळं.

सासवडचा मुक्काम गर्दीत गेला. जेजुरीत पालखीवर भंडारा उधळला तेव्हा तो कॅमेऱ्याच्या फटीफटीत शिरला.

जेजुरीहून वाल्ह्याला जाताना दौंडज खिंडीत न्याहारीचा विसावा असतो. तिथे एका लिंबाखाली जिंतूरकडच्या एक आजी पाय पसरून टाचांना खोबरेल चोळत बसल्या होत्या. टाचांच्या भेगांत रुपया उभा राहील, इतक्या त्या खोल. पेरणीचं विचारलं.

"पेरलं की सोयाबीन. उगवलं का न्हाई ते लेक फोनवर सांगतो, पर फोनवर काय दिसतंय माय?"

मग आपणहूनच सांगू लागल्या. वारी मालकांची. ते दरसाल चालायचे आणि या घर, गुरं, सासूचं दुखणं धरून मागे राहायच्या. वारीच्या दिवसांत त्यांनी गावाची वेसही ओलांडलेली नव्हती. मालक गेले, त्याच्या पुढच्या आषाढीला दिंडीकऱ्यांनी निरोप धाडला, जागा मोकळी आहे, कुणी येतंय का? लेकाला सुट्टी नव्हती. "म्या म्हणलं, मी जाते. त्यांचेच टाळ घेतले. वाजवायला कुठं येत व्हते? चालता चालता आले." ते टाळ पिशवीतून काढून त्यांनी माझ्या हातात दिले. एका टाळेची दोरी नवी होती, दुसरीची जुनी, काळी पडलेली, बोटाच्या जागी गुळगुळीत झालेली. ती बदलायची नाही म्हणाल्या.

फोटो काढू का विचारलं, तर पदर नीट करून बसल्या. "काढ. पर हार बसंल असा काढ. घरात मपला एक फोटू न्हाई. आधारवरचा हाय, त्याच्यात मी चोरावानी दिसते. उद्या मी गेल्यावर तोच लावतील भिताडाला."

माझ्याकडे मोठ्या कॅमेऱ्याबरोबर एक छोटा इन्स्टंट कॅमेराही असतो. फिल्म महाग पडते, एका फोटोमागे पन्नासेक रुपये, पण ज्याचा चेहरा घेतला त्याच्या हातात काहीतरी पडलंच पाहिजे, हा माझा हट्ट आहे. आजींनी तो चिमुकला फोटो उलटसुलट केला. "एवढुसा? ह्याला हार कसला घालावा, फूल ठिवावं लागंल." आणि तो हरिपाठात ठेवून दिला. मी दिंडीचा नंबर लिहून घेतला.

नीरा स्नान, लोणंद, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण हे सगळं डोळे भरून पाहिलं. पण मला सगळ्यात भावते ती मुक्कामाची समाजआरती. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते, म्हणणं ऐकून घेईपर्यंत. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूही तिथेच पुकारतात. एवढ्या गर्दीत ऐकून घेण्याची ही रीत पिढ्यान् पिढ्या टिकून आहे.

फलटणला एका स्टुडिओत आजींचा मोठा फोटो छापून घेतला आणि तिथल्याच विमानतळाच्या मैदानावरच्या मुक्कामी दिंडीचा नंबर विचारत विचारत त्यांचा ट्रक गाठला. फोटो आधी राहुटीतल्या सगळ्या बायांच्या हातून फिरला, शेवटी आजींकडे आला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरी हाय की मी." मग पदराची गाठ सोडली. मी पैसे नको म्हणाले तर चिडल्या. "फुकटचा फोटू लावू व्हय भिताडाला?" वीस रुपये घेतले तेव्हा पिठलं-भाकरीचं ताट पुढे आलं. शहरातल्या नामांकित हॉटेलात मला इतक्या हक्काने कुणी वाढलेलं नाही.

जेवण होईतो बायांची रांग लागली होती. एकीला विहिणीसोबत हवा होता, एकीला नुसता तुळशीसोबत. एकजण मात्र बाजूला बसून राहिल्या. फोटो नको म्हणाल्या, पण कीर्तन संपून निजानीज झाल्यावर त्यांनी मला हाक मारली आणि कितीतरी वेळ बोलत होत्या. कुठं लिहू नकोस असं बजावलं, म्हणून इथे लिहीत नाही.

बरडला पावसाने गाठलं आणि मी एसटीने परतले. बाकीचे फोटो दिंडीप्रमुखांच्या पत्त्यावर पोस्टाने गेले. परवा आजींच्या लेकाचा फोन आला. मोठ्या फोटोच्या आणखी दोन प्रती हव्यात, दोन्ही लेकींना द्यायला. पोस्टाने नको, आई कार्तिकीला आळंदीला येणार आहे, तिथेच आणून द्या, असा निरोप आहे.