सहामाहीचा निकाल आणि १ नोव्हेंबर

७ सप्टेंबर, जळगाव

सहामाहीला महिनाभर उरला आहे. अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठावर जीव लावून बसलेली, पण अकरावीत गुण घसरलेली जी बारावीची पोरं आहेत, त्यांनी १ नोव्हेंबरला, म्हणजे लवकरच्या फेरीत, अर्ज टाकायचा की जानेवारीच्या नेहमीच्या फेरीत, हे याच परीक्षेवर ठरवावं असं मला वाटतं.

लवकर अर्ज केला की कमी गुण चालून जातात, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. लवकरच्या फेरीत प्रवेशाचं प्रमाण जास्त दिसतं हे खरं. पण त्या गटात खेळाडू म्हणून आधीच हेरलेली मुलं असतात, कित्येक ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात आणि ज्यांची फाइल ऑगस्टमध्येच तयार होती अशीही असतात. चोपड्याच्या किंवा शहाद्याच्या मुलाला त्या टक्क्यातलं फार थोडं मिळतं.

शिवाय लवकरचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. ‘अर्ली डिसिजन’ बंधनकारक: निवड झाली की जायचंच, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. कॉर्नेल, ब्राउन, डार्टमथ, कोलंबिया, ड्यूक या वाटेने घेतात. करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या लागतात. ‘अर्ली अॅक्शन’मध्ये बंधन नाही. एमआयटी तसं घेते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांच्याकडेही बंधन नाही, मात्र तिथे लवकर अर्ज केला तर दुसऱ्या खाजगी विद्यापीठात लवकरचा अर्ज करता येत नाही.

आता गुणांचं. अमेरिकेत नववी ते बारावी अशी चार वर्षं पाहतात. आपल्याकडे अकरावी कॉलेजच्या पातळीवर होते, बोर्डाची नसते, म्हणून टाय-अप (कोचिंग क्लासशी जोडलेल्या) कॉलेजातली मुलं जेईई-नीटच्या मागे लागून ती सोडून देतात. दहावीला ९१, अकरावीला ५८. तिकडे वाचणाऱ्याला ही सरळ घसरण दिसते. बारावीत मूल सावरलं असेल, पण ते सावरणं दाखवणारी पूर्वपरीक्षा जानेवारीत आणि बोर्ड फेब्रुवारी-मार्चात. म्हणजे १ नोव्हेंबरला अर्ज टाकणारा आपली सर्वांत चांगली गुणपत्रिका घरीच ठेवून जातो. तोवर कागदावर येऊ शकेल असा एकच निकाल आहे, सहामाहीचा. त्यात अकरावीपेक्षा ठळक चढ असेल, समजा ५८ वरून ७४, तर लवकर जावं. दोन-चार टक्क्यांचाच फरक असेल तर जानेवारीच्या नेहमीच्या फेरीत जावं. बंधनकारकवाल्यांपैकी काहींची दुसरी फेरीही जानेवारीत असते, तीही पाहावी.

८ सप्टेंबर

काल राहिलेली गोष्ट कागदांची. इथेच जास्त अर्ज अडकतात.

आपल्या शाळांत समुपदेशक नसतो. ते काम प्राचार्यांनी किंवा वर्गशिक्षकांनी करायचं. कॉमन अॅपवर (अनेक विद्यापीठांसाठी एकच ऑनलाइन अर्ज भरायची साइट) त्यांचा ईमेल भरला की त्यांना लिंक जाते आणि तिथून ते गुणपत्रकं, शाळेचा अहवाल आणि शिफारसपत्र चढवतात. कॉलेजचा अधिकृत ईमेल असेल तर तोच द्यावा. लिंक स्पॅममध्ये जाऊन पडते, म्हणून पाठवल्या दिवशीच सरांसमोर बसून उघडून घ्यावी.

नववी-दहावी एका शाळेत आणि अकरावी-बारावी दुसरीकडे, त्यामुळे दोन ठिकाणचे कागद लागतात. नववीची गुणपत्रिका बहुतेकांनी जपलेली नसते. शाळेच्या रजिस्टरवरून दुसरी प्रत निघते, पण अर्ज, क्लार्कची सवड, मुख्याध्यापकांचा सही-शिक्का यात पंधरवडा सहज जातो. आणि दिवाळीची सुट्टी नेमकी १ नोव्हेंबरच्या आगेमागे येते. तेव्हा सगळ्या सह्या सुट्टीच्या आधीच व्हायला हव्यात, सहामाहीचे गुण लेटरहेडवर लिहून घेण्यासकट. शेवटच्या दिवशी रात्री ११:५९ पर्यंत मुदत असते आणि कॉमन अॅपवर ती साधारणपणे अर्जदाराच्या स्थानिक वेळेने धरतात, पण प्राचार्यांचा कागद त्या रात्री कोण चढवणार?

टक्केवारीचं जीपीएमध्ये, म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या श्रेणींच्या सरासरीत, रूपांतर स्वतः करू नये. नेटवरच्या कोष्टकांनी ६८ टक्क्यांचा ‘डी’ होतो, म्हणजे अगदी खालची श्रेणी. आपल्याकडे ६० ला प्रथम श्रेणी आहे आणि ७५ ला विशेष प्राविण्य. हे तिकडे कळावं म्हणून ‘स्कूल प्रोफाइल’ नावाचं एक-दोन पानांचं पत्रक कॉलेजने द्यायचं असतं. बारावी ६०० गुणांची, उत्तीर्ण व्हायला विषयाला ३५, श्रेणींच्या मर्यादा, मागच्या वर्षी कॉलेजात किती जणांना ७५ च्या वर मिळाले, वर्गात किती मुलं, कोणते विषय मिळतच नाहीत. कमी गुणांच्या मुलाला याच्याइतका उपयोगी दुसरा कागद नाही आणि खानदेशातल्या फार थोड्या कॉलेजांकडे तो तयार असतो. कच्चा मसुदा विद्यार्थ्यानेच करून न्यावा. तपासून सही करणं प्राचार्यांना सोपं जातं.

गुण का पडले, हे सांगायला अर्जात २५० शब्दांची वेगळी जागा आहे. साठ-सत्तर शब्द पुरतात. कारण, काळ, आता काय बदललं. ‘अकरावीत रोज एसटीने येऊन-जाऊन तीन तास जात. जूनपासून मावशीकडे राहतो. सहामाहीत भौतिकशास्त्रात ४९ वरून ७१.’ एवढंच, रडगाणं नको. ६५० शब्दांचा मुख्य निबंध गुणांच्या माफीनाम्यावर मुळीच खर्चू नये. रावेरच्या मुलीला केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या कुठे चोंदतात आणि पाणी शेवटच्या ओळीपर्यंत का पोचत नाही हे नेमकं ठाऊक असेल, तर तिने ते लिहावं. उपक्रमांच्या दहा ओळींत शेतातलं काम आणि लहान भावंडांना सांभाळणं हेही बसतं. प्रत्येकाला १५० अक्षरं मिळतात, म्हणून आठवड्याचे तास आणि आकडे लिहावेत, विशेषणं गाळावीत.

सॅटचा (अमेरिकेतल्या प्रवेशासाठीची इंग्रजी-गणिताची परीक्षा) चांगला स्कोअर अकरावीला थोडा तोलून धरतो, विशेषतः गणितातला. एमआयटी, हार्वर्ड, ब्राउन, डार्टमथ यांना परीक्षा हवीच असते. ऑगस्टमध्ये दिलेली बरी, म्हणजे ऑक्टोबरची एक संधी हाताशी राहते.

१० सप्टेंबर

पैशांचा विचार बंधनकारक करारावर सही करायच्या आधी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ ही विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यालाही त्याची गरज न पाहता निवडतात. बाकी बहुतेक ठिकाणी मदतीची मागणी निवडीत मोजली जाते, आणि कमी गुणांसोबत मोठी मागणी जड जाते. देऊ केलेली मदत अपुरी पडली तर करारातून मोकळीक मागता येते, पण त्यासाठी सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या उत्पन्नाची माहिती देणारा मदतीचा अर्ज, वेळेत आणि खरं भरलेलं हवं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे कापूस-केळीवाल्या घरात रिटर्न नसतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, बँकेचं स्टेटमेंट आणि मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं आत्तापासून जमवावीत. सेतू केंद्रात ऑक्टोबरमध्ये गर्दी असते.

निकाल डिसेंबरच्या मध्याला. नकार आला तर १ जानेवारीच्या मुदतींना जेमतेम दोन आठवडे राहतात, म्हणून बाकीच्या अर्जांचे निबंध नोव्हेंबरातच पुरे करावेत. विद्यापीठाने निर्णय पुढे ढकलला, तर बंधन सुटतं आणि अर्ज मार्चच्या निकालात पुन्हा पाहिला जातो. त्या वेळी एक पानाचं पत्र आणि नवे गुण पाठवायचे असतात, आणि हेच ते पूर्वपरीक्षेचे गुण, जे नोव्हेंबरात नव्हते. ते कॉलेजच्या लेटरहेडवर जानेवारीअखेरपर्यंत लेखी मिळतील का, हे प्राचार्यांना सह्या घ्यायला जाल त्याच दिवशी विचारून ठेवावं.