पाच नंबरचा रंधा आणि एक करवत

शनिवार, रात्री

फिलाडेल्फियाच्या बाहेर एका जुन्या विटांच्या घरी इस्टेट सेल होता. घरचं म्हातारं माणूस गेलं, किंवा वृद्धाश्रमात गेलं, की मुलं हवं तेवढं उचलतात आणि उरलेलं अख्खं घर विकून देणाऱ्या एजन्सीच्या स्वाधीन करतात. मग झाऱ्यापासून पलंगापर्यंत सगळ्यावर किमतीच्या चिठ्ठ्या लागतात. लोक वरच्या मजल्यावर काचसामान बघत हिंडतात, मी थेट तळघराचा जिना उतरतो.

शुक्रवारी सकाळी नंबर लावून उभे राहणारे व्यापारी दुर्मीळ माल घेऊन गेलेले असतात. शेवटच्या दिवशी बहुतेक ठिकाणी भाव निम्म्यावर येतो, आणि मला हवं असतं ते तोवर टिकतं, कारण ते दुर्मीळ नसतं. स्टॅनली या अमेरिकन हत्यार कंपनीने पाच नंबरचे रंधे इतके बनवले की संग्राहकाला त्याचं अप्रूप नाही. तसाच चांगल्या प्रतीचा नवा घ्यायचा तर तीनशे डॉलरच्या वर जातात. मला तो बारा डॉलरला मिळाला, आणि पाच डॉलरला डिस्टनची करवत.

तळघर बघण्यासारखं होतं. भिंतीवर भोकांचा बोर्ड, प्रत्येक हत्याराची आकृती मार्करने काढलेली. हत्यारं निम्मी गेलेली, आकृत्या तेवढ्या शाबूत. फळीच्या खालच्या बाजूला बरण्यांची झाकणं ठोकलेली आणि त्यांना बरण्या फिरवून अडकवलेल्या, आत आकारानुसार स्क्रू. हा माणूस मला आवडला असता.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मेल्या माणसाचं घरात कशाला आणतोस रे?" बाबांच्या पेटीतली कानस तिच्या भावाने नेली होती, तेव्हा मात्र ती चिडली होती. हे तिला आठवून दिलं नाही.

रविवार

रंधा उघडला. पात्याखालचा बिडाचा उतार, ज्याला इथे फ्रॉग म्हणतात, त्याच्या मागे बुडावर पेटंटच्या तीन तारखा ओतलेल्या आहेत. दोन 1902 च्या, तिसरी 1910 ची. पुढची मूठ बुटकी. म्हणजे रंधा साधारण 1910 ते 1918 च्या दरम्यानचा, कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनचा. लांबी 14 इंच, पातं 2 इंच रुंद. लेनर्ड बेलीची पेटंटं स्टॅनलीने 1869 मध्ये घेतली. पात्यामागचं पितळी चाक बोटाने फिरवून खोली कमीजास्त करायची, ही त्याचीच रचना. शंभर वर्षं उलटली तरी धातूचे रंधे बहुतेक याच धर्तीवर निघतात.

विकत घेताना मी फक्त दोन गोष्टी बघतो. तोंडाजवळ बिडाला तडा आहे का, आणि सगळे स्क्रू जागेवर आहेत का. तडा असेल तर तो फक्त शोभेचा. स्क्रू हरवला तर डोक्याला ताप, कारण स्टॅनलीचे काही आटे इतके विचित्र आहेत की आजच्या हार्डवेअरच्या दुकानात ते मिळत नाहीत. गंजाला मी भीत नाही. वरवरचा गंज उतरतोच, मात्र पात्याच्या धारेमागे खोल खड्डे पडले असतील तर पातं गेलं समजायचं.

पातं आणि स्क्रू रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवले होते. सकाळी ब्रशने घासले, बेकिंग सोड्याच्या पाण्यात बुडवले, पुसले आणि लगेच तेल लावलं. हे लगेच फार महत्त्वाचं. ओलं लोखंड चहा पिऊन येईपर्यंत पुन्हा तांबूस होतं. मग जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून पात्याची सपाट बाजू घासली. सगळी नाही, धारेलगतची पट्टी तेवढी. बाकीचं घासणं म्हणजे नुसता व्यायाम. दुसऱ्या बाजूला 25 अंशांचा उतार, शेवटी चामड्यावर हात फिरवला.

रोझवुडच्या मागच्या मुठीचं वरचं टोक तुटलेलं आहे. जवळजवळ प्रत्येक जुन्या स्टॅनलीचं तुटतं, कारण रंधा पडला की आधी तेच आपटतं. तुटलेल्या कडेवर मात्र कोणीतरी कानस मारून, तळव्याला टोचणार नाही इतकी गोलाई दिलेली आहे. नवा तुकडा चिकटवून, रंग जुळवून मूठ 'मूळ रूपात' आणणारे कसबी लोक आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ही मूठ त्या माणसाने स्वतःच्या हातासाठी दुरुस्त केली आणि माझ्याही हातात ती बसते. मग मी काय दुरुस्त करू? बिडाच्या कुशीवर त्याने ठोकलेली दोन अक्षरं आहेत, तीही राहू दिली. आरशासारखं चकचकीत करून विकणाऱ्यांना ही अक्षरं आड येतात म्हणे, घासून टाकतात. मला तो उद्योग पटत नाही.

मेपलच्या फळीवर चालवून बघितला. पहिले दोन हात थरथरला, पातं जरा वर घेतलं, मग पारदर्शक सालपटं निघाली. मुलीने ती खिशात भरून शाळेत न्यायची ठरवली आहे.

बुधवार

करवतीला आज हात लावला. डिस्टनचा कारखाना फिलाडेल्फियातलाच, 1840 मध्ये सुरू झालेला, पुढे टॅकोनी भागात गेला. म्हणजे ही करवत गावाबाहेर फारशी गेलीच नाही. मूठ सफरचंदाच्या लाकडाची. तिच्यावर कोणीतरी हिरवा रंग फासला होता. इथे घरगुती रंगातल्या शिशावर 1978 मध्ये बंदी आली, त्यामुळे त्याआधीचा वाटणारा कुठलाही रंग मी कोरडा घासत नाही. मास्क लावून, ओला करून, अंगणात खरवडला. मूठ खाली छान निघाली.

पात्याला व्हिनेगर अजिबात नाही. गंजाखाली कंपनीची कोरलेली नक्षी असू शकते आणि ती इतकी उथळ असते की आम्लाने निघून जाते. सपाट लाकडी ठोकळ्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून, तेल टाकून, पात्याच्या लांबीत सावकाश घासायचं. ठोकळ्यामुळे कागद खाचेत उतरत नाही आणि खाचेतला काळेपणा तसाच राहतो. तासाभराने डी-8 हे मॉडेलचं नाव उमटलं. टाचेपाशी 8 हा आकडाही ठोकलेला आहे, म्हणजे इंचाला आठ टोकं.

दात बोथट आहेत, शिवाय एका बाजूचे दुसरीपेक्षा खुजे. धार लावणाऱ्याकडे देणं सोपं, पण तो मशीनवर लावतो आणि पात्याचा बराच भाग खातो. तिकोनी कानस मागवली आहे. शनिवारी नॉरिसटाउनला आणखी एक सेल आहे, यादीत 'गॅरेज, हत्यारं' एवढंच लिहिलंय. मला पाव इंची पटाशी हवी आहे, बाकी काही घ्यायचं नाही असं घरात सांगितलं आहे.