रात्री साडेआठनंतरचे रक्त

हत्तीरोगावर पीएच.डी.साठी नाव नोंदवले, तेव्हा संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि वातानुकूलित खोली, अशीच माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिले दीड वर्ष तुर्भ्याच्या वस्त्यांमध्ये रात्री साडेआठ ते बारा लोकांची बोटे टोचण्यात गेले. हत्तीरोग घडवणाऱ्या वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या कृमीची सूक्ष्म पिल्ले दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि क्यूलेक्स डासांच्या चावण्याच्या वेळी, म्हणजे रात्री, त्वचेजवळच्या रक्तात येतात. साहजिकच आमचे वेळापत्रक डास ठरवत, आणि ठाण्याची शेवटची गाडी बहुधा चुके.

पहिल्या पावसाळ्यात दमट हवेमुळे रक्ताचे थेंब पसरलेल्या काचपट्ट्या लवकर वाळेनात, म्हणून त्या टेबलावर तशाच पसरून ठेवल्या आणि सकाळी येऊन पाहते तो रक्ताच्या डागांना मधोमध भोके पडलेली. मुंग्यांनी रात्रभर मेजवानी केली होती. बत्तीस जणांच्या दारात पुन्हा जाऊन पुन्हा टोचण्याची परवानगी मागणे, हे पुढच्या कोणत्याही तोंडी परीक्षेपेक्षा अवघड गेले.

त्याच फेरीत एका मावशींनी मला अडवले. "पाय माझा सुजलाय, मग किडे पोराच्या रक्तात कसे?" त्यांची काचपट्टी स्वच्छ होती आणि ठणठणीत दिसणाऱ्या मुलाच्या काचपट्टीवर पिल्ले होती. माझ्या प्रबंधाचा प्रश्न याहून नेमका मला कधीच मांडता आला नाही. कृमी वर्षानुवर्षे शरीरात टिकतात ते प्रतिकारशक्तीला शांत ठेवून: त्या मुलासारख्या, पिल्ले रक्तात बाळगूनही ठणठणीत असलेल्या वाहकांच्या रक्तात आयजीजी४ हे प्रतिपिंड भरपूर असते आणि आयएल-१० हा संदेशवाहक रेणू टी पेशींना, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, आवरून धरतो, तर सूज आलेल्या अनेकांत हा आवर सुटलेला असतो आणि रक्तात पिल्ले सापडत नाहीत.

पेशींच्या प्रयोगांसाठी शिरेतून रक्त हवे होते. नैतिकता समितीने माझे संमतिपत्र दोनदा परत पाठवले, कारण त्यातले 'प्रतिजन-उद्दीपित प्रतिसाद' कोणाला कळणार, असा त्यांचा सवाल होता. तेव्हा राग आला होता. समितीचे म्हणणे बरोबर होते. तिसऱ्या खेपेला मी मावशींचेच वाक्य वर घातले आणि मंजुरी मिळाली. पुढे परीक्षानळीत आयएल-१० अडवल्यावर वाहकांच्या सुस्त टी पेशी काही प्रमाणात विभागू लागल्या, म्हणजे जाग्या होऊ लागल्या, तो आलेख मी त्या दिवशी तीनदा छापून घेतला.

मावशींच्या मुलाला डीईसी या कृमिनाशक औषधाच्या गोळ्यांचा बारा दिवसांचा क्रम दिला. पहिल्या रात्री त्याला ताप आला, कारण पिल्ले मरू लागली की शरीर खवळते. नंतरच्या तपासणीत मात्र त्याची काचपट्टी स्वच्छ निघाली. मावशींची सूज या गोळ्यांनी उतरणारी नव्हती, हे त्यांना सांगताना माझा आलेख काही कामाचा नव्हता. आरोग्यसेविकेने त्यांना साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या फडक्याने कोरड्या करायला शिकवले, आणि पुढच्या वेळी गेले तेव्हा ते फडके दारातल्या दोरीवर वाळत होते.