रोजनिशी: एच६१ बोर्डावर विंडोज ११

सोमवार, रात्र

या जुन्या मशीनवर विंडोज ११ बसवायचं आहे: कोअर आय५-३४७० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा जुना मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि अशी मशीनं भंगारात निघू लागली. जीव हळहळतो. चार कोअर आहेत, घरचा हिशेब नि मुलांचा अभ्यास याला ते पुरून उरतात.

विंडोज ११च्या अटी दोन जातींच्या आहेत, ते आधी ओळखायचं. टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारी चिप), सिक्युअर बूट (सही असलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय), मान्य प्रोसेसरची यादी हे सगळं सेटअप, म्हणजे विंडोज बसवणारा प्रोग्रॅम, तपासतो. त्याला चुकवलं की पुढे विंडोज चालतं. पण विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी आणि एसएसई ४.२ या अंगच्या सूचना असाव्याच लागतात. कोअर २ ड्युओ, कोअर २ क्वाडमध्ये ते नाही. तिथे काहीही करा, विंडोज उठतच नाही. त्यांच्यावर सरळ लिनक्स टाकावं. पहिल्या पिढीच्या कोअर आय मालिकेपासून दोन्ही आहेत, त्यामुळे ३४७०ला अडचण नाही.

मंगळवार

विंडोज ११च्या सेटअपच्या पेनड्राइव्हला हात लावण्याआधी बोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल बघायचा. मीटरवर ३ व्होल्ट दिसायला हवेत, २.८च्या खाली गेला असेल तर बदलून टाकावा. रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची आपल्याकडे सवय. बटण बंद झालं की बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग एकट्या त्या सेलवर टिकतात. सेल मेला की बऱ्याच बोर्डांवर साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयवरून परत जुन्या आयडीईवर जातो, आणि सकाळी निळा पडदा: ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. लोकांना वाटतं, सपोर्ट नसलेलं विंडोज बिघडलं. मग फॉरमॅट, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. डिस्क धडधाकट असते, विंडोजही. बायोसमध्ये एएचसीआय करून सेव्ह केलं की मशीन उठतं.

तारीखही कित्येक वर्षं मागे जाते. मग वेबसाइटची सर्टिफिकेटं चुकीची ठरतात, अपडेट लागत नाही. नेट तपासत बसण्याआधी घड्याळ बघावं.

बुधवार

डेटाची कॉपी दुसरीकडे घेतली. दुसरी डिस्क असेल तर तिची केबल काढून ठेवावी, नाहीतर बूटचं पार्टिशन कधीकधी भलत्याच डिस्कवर जाऊन बसतं.

बूट मेन्यूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे ‘यूईएफआय’ (बायोसची नवी पद्धत) लावून. डिस्कची मांडणी नव्या जीपीटी पद्धतीची असेल तर यूईएफआयवाला निवडायचा, जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर नुसता. उलट केलं की ‘या डिस्कवर विंडोज बसवता येत नाही’ असा निरोप येतो. तो टीपीएममुळे येतो असा बऱ्याच जणांचा समज आहे, पण टीपीएमचा त्याच्याशी काही संबंध नाही.

सेटअपच्या भाषेच्या पहिल्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबायचं, येणाऱ्या काळ्या खिडकीत ‘रेजएडिट’ (रोमन अक्षरांत) टाइप करून विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, म्हणजे रजिस्ट्री, उघडायची. लोकल मशीन, सिस्टिम, सेटअप या वाटेने जाऊन तिथे ‘लॅबकॉन्फिग’ नावाची की (फोल्डरसारखा कप्पा) करायची. तिच्यात ३२ बिटांच्या तीन डीवर्ड (आकडा ठेवणाऱ्या नोंदी): बायपासटीपीएमचेक, बायपाससिक्युअरबूटचेक, बायपाससीपीयूचेक. प्रत्येकाची किंमत १. रॅम ४ जीबीच असेल तर बायपासरॅमचेकही घालावं, कारण ग्राफिक्स त्यातलाच वाटा घेतं. नावं रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. एखादं अक्षर चुकलं तर एरर येत नाही, फक्त सेटअप आधीसारखाच नकार देतो. म्हणून अक्षर न् अक्षर वाचून बघावं.

गुरुवार

एचडी २५०० ग्राफिक्सला विंडोज १०चाच ड्रायव्हर लागतो. हार्डडिस्क बदलून एसएसडी लावावीच. एच६१वर साटा ३ गिगाबिटचा आहे, एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही, तरी मशीन ओळखू येत नाही इतका फरक पडतो. रॅम ४ जीबीच्या दोन कांड्या लावून ८ करावी.

दर महिन्याची सुरक्षा अपडेटं येतात, पण अशा मशीनसाठी मायक्रोसॉफ्ट त्याची हमी देत नाही. बँकेचे व्यवहार त्यावर करायचे का, हे वापरणाऱ्याला आधीच सांगायला हवं. वर्षाची मोठी आवृत्ती मात्र आपणहून येत नाही. नव्या आवृत्तीची आयएसओ (डिस्कची फाइल) डबल क्लिकने उघडून, म्हणजे माउंट करून, कमांड प्रॉम्प्टमधून सेटअप चालवायचा, त्याला ‘/प्रॉडक्ट सर्व्हर’ जोडून, अर्थात रोमन अक्षरांत. खिडकीवर ‘विंडोज सर्व्हर’ असं नाव येतं. घाबरू नये, आत नेहमीचंच विंडोज ११ बसतं. फाइल आणि अ‍ॅप ठेवण्याचा पर्याय निवडलेला आहे ना, एवढं मात्र बघूनच पुढचं बटण दाबावं.