ताईच्या तारखा

दिवाळी पहाट कधी असते? "दिवाळीत" हे उत्तर गायिकेच्या तारखा सांभाळणारं कुठलंही सॉफ्टवेअर घेत नाही. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झालं, यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, ते ८ नोव्हेंबरला आहे. गणपती २७ ऑगस्टवरून १४ सप्टेंबरवर गेले, आषाढी ६ जुलैवरून २५ जुलैवर. यंदा अधिक ज्येष्ठ आलाय ना मध्ये! मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये "दरवर्षी" अशी खूण करून ठेवली, तर यंदाच्या २१ ऑक्टोबरला ताई पहाटे नटूनथटून तयार आणि हॉलला कुलूप. आणि मंडळवाले तर तारीख सांगतच नाहीत. "ताईंना म्हणावं नेहमीप्रमाणे नरकचतुर्दशी," एवढं बोलून फोन ठेवतात.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. शिकली शास्त्रीय, रमते नाट्यसंगीतात आणि अभंगांत, आणि आयोजकांच्या आग्रहाखातर जुनी भावगीतंही गाते. मी डोंबिवलीत एका सीएच्या ऑफिसात कामाला आहे. तिच्या तारखा, हिशेब, मेल आणि वेळ पडली तर भांडणं, हे खातं माझ्याकडे. "गायिकेचं करिअर सांभाळायला कुठलं सॉफ्टवेअर वापरतेस?" असं हल्ली दोघातिघांनी विचारलं, म्हणून हे लिहितेय.

तयार सॉफ्टवेअर आहेत, नाही असं नाही. मास्टर टूर बघितलं. दौऱ्यावर निघालेल्या मोठ्या बँडच्या मॅनेजरला ते सोन्यासारखं वाटेल. कोणत्या शहरात किती वाजता पोचायचं, हॉटेल कोणतं, साउंड चेक कधी, प्रत्येक दिवसाचं पान तयार. बँड्सइनटाउन चाहत्यांना कळवतं की तुमचा आवडता कलाकार तुमच्या गावात येतोय. पण आमचा दौरा म्हणजे शनिवारी ठाणे, रविवारी सांगली, आणि सोमवारी ताईची शिकवणी. तिकीट बहुतेक वेळा नसतंच. बोलावणारं मंडळ, एखादी बँक, कुणाची तरी पंचाहत्तरी. तेव्हा मी गूगल शीट उघडली, नंतर तिच्यावर अ‍ॅपशीट चढवलं म्हणजे फोनवर नीट दिसेल, आणि गरजेप्रमाणे रकाने वाढवत गेले. पहिला रकाना तिथीचा, दुसरा तारखेचा. नवीन कालनिर्णय घरात आलं की एक संध्याकाळ बसून तिथ्यांपुढे तारखा भरायच्या.

तिसरा रकाना स्थितीचा, आणि खरी गंमत तिथे आहे. तयार सॉफ्टवेअरात साधारण दोनच प्रकार असतात, पक्की तारीख आणि कच्ची तारीख. आमच्याकडे विचारणा वेगळी, तोंडी होकार वेगळा, ॲडव्हान्स आलेली वेगळी. तोंडीचे पुन्हा पोटभेद. साताऱ्याच्या एका गृहस्थांचा तोंडी शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि काही जणांचा छापील पत्रावरचा होकारही दुसरी गायिका स्वस्तात मिळेपर्यंतच टिकतो. परदेशातल्या बुकिंगवाल्यांची एक पद्धत मात्र मी उचलली. तिकडे एका तारखेवर पहिला हक्क आणि दुसरा हक्क असे दोन दावेदार लावून ठेवतात. दुसरा म्हणाला, "मी पैसे भरायला तयार आहे," की पहिल्याला फोन जातो, "उद्यापर्यंत नक्की करा, नाहीतर तारीख सोडा." पूर्वी हे सांगताना ताईला संकोच व्हायचा. आता मी सांगते, आणि दोष शीटवर ढकलते. "अहो, सिस्टीममध्ये तसंच आहे," म्हटलं की कोणी वाद घालत नाही.

चौथा रकाना साथीदारांचा. गायिका मोकळी असून उपयोग नाही. तबला, संवादिनी, नाट्यगीतं असतील तर ऑर्गन, अभंग असतील तर पखवाज आणि टाळ, ही सगळी मंडळी त्याच दिवशी मोकळी हवीत. दिवाळीच्या चार दिवसांत चांगला तबलजी मिळणं म्हणजे काय, हे ज्याने शोधलाय त्यालाच ठाऊक. म्हणून आयोजकाला होकार कळवण्याआधी साथीदारांना निरोप जातो, आणि त्या निरोपात पट्टी, म्हणजे ताई पेटीच्या कोणत्या सुरातून गाणार ते, लिहिलेली असते. ताई संध्याकाळी काळी पाचमध्ये गाते. पहाटे गळा जड असतो, तेव्हा पांढरी सहा. रात्री कार्यक्रम करून दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गायचं असेल, तर सरळ काळी चार. फरक अर्ध्या-एका स्वराचा, पण तबल्याच्या काकांना आदल्या दिवशी कळलं तर ते कोणता तबला घ्यायचा ते ठरवून निघतात. नाहीतर हातोडी घेऊन गठ्ठे ठोकत बसायचं, आणि समोर पहिल्या रांगेत प्रायोजक घड्याळ बघतोय. म्हणून शीटमध्ये "सुरू होण्याची वेळ" भरली की पट्टी आपोआप सुचवली जाते. हे सूत्र मी स्वतः लिहिलंय आणि मला त्याचा, खोटं कशाला बोलू, गर्व आहे.

"संपण्याची वेळ" हाही रकाना आहे. उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद. सरकारने सूट दिलेल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत. सत्कार लांबले की गाणं कापलं जातं, भैरवी आधी कापली जाते. हे आयोजकाला आधीच लेखी कळवलेलं बरं.

आता पैसे. आपल्याकडे गाण्याचे आणि हिशेबाचे सूर क्वचितच जुळलेत. बालगंधर्वांनी १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली, तिचा थाट आजही सांगतात आणि तिचं कर्जही. ताईचा थाट फार तर नव्या पैठणीपुरता, तरी हिशेब हवाच. कार्यक्रम झाला की आमच्या शीटमधली ओळ "झाला" होते, "पूर्ण" नाही. मानधन जमा झालं, आयोजकाने आधीच कापलेला दहा टक्के कर, म्हणजे टीडीएस, आयकर खात्याच्या नोंदीत ताईच्या नावावर दिसला, की मग ती पूर्ण. मधली पायरी फार महत्त्वाची. एका संस्थेने मानधनातून टीडीएस कापला आणि सरकारात भरलाच नाही, मार्चमध्ये त्यांच्या खजिनदारांना फोन केला तर ते म्हणाले, "ताईंसारख्या कलाकारांनी पैशाचं एवढं मनावर घेऊ नये." कापायची मर्यादा २०२५-२६ पासून वर्षाला ३० हजारांवरून ५० हजार झालीय, तरी काही मंडळं जुन्या सवयीने छोट्या रकमेवरही कापतात. बरं, कापा, पण भरा!

जीएसटीसाठी "कार्यक्रमाचा प्रकार" वेगळा ठेवते. शास्त्रीय किंवा लोककलेच्या एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. जुन्या चित्रपटगीतांच्या रात्रीला ती सवलत मिळत नाही. तिथे वर्षाची वीस लाखांची मर्यादा बघायची. दोन्ही एकाच ओळीत "गायन" म्हणून टाकलंत, तर वर्षाअखेरीला तुमचा सीए तुम्हाला छळेल. मी त्या छळणाऱ्यांपैकीच एक आहे.

गाण्यांची यादी हे माझं आवडतं पान. प्रत्येक गाण्यापुढे कवी, संगीतकार, राग, ताल आणि शेवटचं कुठे गायलं ते. त्याच गावात सलग दोन वर्षं तोच अभंग नको, हा एक फायदा. दुसरा हक्कांचा. शब्द तुकोबांचे, त्यांवर कोणाचा हक्क उरलेला नाही. पण चाल श्रीनिवास खळ्यांची असेल तर ती कोणाची तरी मालमत्ता आहे, आणि जाहीर कार्यक्रमाचा परवाना आयोजकाने आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडून घ्यायचा असतो. आयोजकाने यादी मागितली तर एका मिनिटात पाठवता येते. ताईने स्वतः चाल लावलेला अभंग यूट्यूबवर टाकला, तर कुठल्याशा कंपनीने त्यावरही दावा ठोकला होता. रेकॉर्डिंगची तारीख, साथीदारांची नावं, मूळ फाइल असं सगळं हाताशी होतं, म्हणून तो सुटला.

ध्वनिमुद्रणाचा प्रत्येक तुकडा आयएसआरसी घेऊनच बाहेर पडला पाहिजे. बारा अक्षर-आकड्यांचा हा क्रमांक त्या एका मुद्रणाचा असतो, आणि कुठे वाजलं, पैसे कोणाचे, याचा माग त्यावरूनच निघतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने गायकालाही रॉयल्टीत वाटा दिलाय, त्यासाठी गायकांची स्वतःची संस्थाही आहे. पण नोंदीत गायिकेचं नावच नसेल तर वाटा कोणाला देणार? गायिका गौहरजान १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोनसमोर गायली आणि शेवटी "माय नेम इज गौहरजान" असं ठणकावून म्हणाली. तबकड्या बनायच्या जर्मनीत. तिथल्या कारागिरांना लेबलावर नाव काय छापायचं ते त्यामुळे कळायचं. ताईच्या पहिल्या कॅसेटच्या वेष्टनावर तबलजीचं नाव आहे, संयोजकाचं आहे, प्रायोजकाच्या पत्नीचंसुद्धा आहे. ताईचं आडनाव चुकलंय.

कात्रणं, पत्रिका, निमंत्रणं जपून ठेवा, असं आई सांगायची ते हौसेपोटी. अमेरिकेत गायला जायचं तर ती कागदपत्रं होतात. एखाद्या देशाची खास कला सादर करणाऱ्यांसाठी तिकडे पी-३ नावाचा व्हिसा आहे, अर्ज तिकडच्या यजमानांनी करायचा असतो, आणि त्याला परीक्षणं, करारपत्रं, दौऱ्याचं वेळापत्रक जोडावं लागतं. आमच्याकडे एका लोखंडी पेटीत सगळं आहे. स्कॅनिंग चाललंय; सध्या गाडी नव्वदच्या दशकात अडकलीय, कारण ताई प्रत्येक पत्रिका हातात घेऊन तासभर गोष्टी सांगते.

किती जणांनी ऐकलं, कोणत्या शहरात, हे आलेख स्पॉटिफाय आणि यूट्यूब फुकट दाखवतात, आणि कितव्या सेकंदाला सोडून दिलं तेही यूट्यूबवर दिसतं. भाच्याला त्यांचं फार कौतुक. मी महिन्यातून एकदा बघते. नाशिकमध्ये श्रोते वाढलेत असं दिसलं की तिथल्या आयोजकांना फोन करते, तेवढाच उपयोग. आलाप सुरू असताना लोक सोडून जातात म्हणून आलाप छोटा कर, असं भाचा एकदा म्हणाला होता. ताईने त्याला समोर बसवून यमन ऐकवला, आलापासकट.

राहता राहिले तबल्याचे काका. त्यांना अ‍ॅप नको, लिंक नको, त्यांच्या तारखा खिशातल्या छोट्या डायरीत पेन्सिलीने. म्हणून दर रविवारी सकाळी मी त्यांना फोन करते, ते डायरी वाचून दाखवतात आणि मी शीट भरते. नरकचतुर्दशीला ते आम्हाला मिळालेत. पाडव्याची विचारणा त्यांच्याकडे दुसऱ्या एका गायिकेकडूनही आहे, त्यामुळे तो रकाना अजून पिवळा आहे.